काळ्यांना आधी कळतं

‘हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले’ ही बातमी आली की आम्हा जळगावकरांचा पावसाळा खरा सुरू होतो. मला मात्र हतनूर आवडतं डिसेंबरात. चांगदेवच्या अंगाला, तापी-पूर्णेच्या संगमाकडे फुगवट्याचं पाणी निवांत पसरलेलं असतं आणि काठाला माफलर गुंडाळलेला मी.

जातो शिकारी पक्ष्यांसाठी. बदकं म्हणजे पानातली चटणी-कोशिंबीर, असंच कित्येक वर्षं वाटायचं. थापट्या, चक्रवाक, तलवार बदक... दिसले, झालं. दुर्बीण आपली कायम आभाळात.

एकदा काठावर जाळं झाडत बसलेले एक दादा म्हणाले, “वर काय पाहता भाऊ? खाली पाहा ना. या काळ्यांना आधी कळतं.”

काळे म्हणजे वारकरी, बदकासारखे पाणपक्षी. अंग काळंकुट्ट, कपाळावर पांढरा टिळा. नाव ठेवणाऱ्याला दंडवत! शेजारच्या कोथळीहून मुक्ताईची पालखी पावसाळ्याच्या तोंडावर पंढरपूरला निघते, हे वारकरी थंडीत येतात, एवढाच फरक. भांडखोरही भलतेच, पण ते जाऊ द्या.

मग तेच बघत बसलो. पाणभर विखुरलेले, एकमेकांना टोचणारे वारकरी अचानक सरकायला लागले. आवाज न करता, मधोमध. बघता बघता पाण्यावर काळी सतरंजी अंथरल्यासारखं झालं. दहा-बारा सेकंदांनी पाणकणसांवरून, पंख किंचित वर धरून, दलदल भोवत्या हा शिकारी पक्षी आला. तपकिरी अंग, फिकट डोकं: मादी. ती संथपणे घिरट्या घालत होती, कुणी एकटा, दमलेला सापडतो का ते बघत. नाही सापडला. ती पुढे गेली आणि सतरंजी पुन्हा उसवली. भांडणं जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू.

आता मला युक्ती कळली, म्हणून खुशीत थर्मास उघडला. वारकऱ्यांवर एक डोळा होताच. ते खुशाल पोहत होते.

धप्प!

मान वळवेपर्यंत कैकर, दुसरा एक शिकारी पक्षी, पाण्यातून वर निघाला होता. अंग झाडलं, पंजातला मासा तोंड पुढे करून नीट धरला आणि पैलतीराला गेला. वारकऱ्यांनी मानही वळवली नाही. कशाला वळवतील? कैकराला लागतो मासा. त्यांचं काय जातंय?

दादांनी आधी जाळ्याकडे पाहिलं, मग आभाळाकडे.

“पाऊण किलोचा तरी होता,” ते म्हणाले.