शंग शुई: रिकाम्या बॅगांचं स्टेशन

हाँगकाँगहून आलेला माणूस व्हिक्टोरिया पीक या डोंगरावरचा फोटो दाखवतो. पीक, डिस्नेलँड, लान्ताऊचा मोठा बुद्ध, सगळं जागच्या जागी आहे. त्यात माझे तीन दिवस गेले आणि त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. या शहराचं पुढे काय होणार हा प्रश्न डोक्यात असेल, तर शनिवारी सकाळी नऊ-दहाच्या सुमारास चीनच्या सीमेजवळच्या शंग शुई स्टेशनच्या फलाटावर उभं राहावं. तिकिटाशिवाय दुसरा खर्च नाही.

शंग शुईला जाणारी ईस्ट रेल लाइन मे 2022 पासून थेट हाँगकाँग बेटावरच्या ॲडमिरल्टीहून सुटते, त्यामुळे तिथून येताना गाडी बदलावी लागत नाही. काउलूनमध्ये राहणाऱ्यांनी हुंग होम किंवा माँग कॉक ईस्ट गाठावं. गाडीवर लो वू किंवा लोक मा चाऊ यांपैकी काहीही लिहिलेलं असलं तरी चालतं, कारण फाटा शंग शुईनंतर फुटतो. उतरायचं मात्र शंग शुईलाच. पुढची दोन्ही स्टेशनं सीमेवरच्या बंद क्षेत्रात येतात. हद्द ओलांडायची नसेल तर तिथे जायला मनाई आहे, आणि ओलांडायची तर भारतीय पासपोर्टवर चीनचा व्हिसा लागतो. ‘नुसतं बघून येऊ’ हा आपला लाडका बेत इथे चालत नाही. आणखी एक गोष्ट. नऊ डब्यांपैकी एक फर्स्ट क्लासचा असतो. त्याला जास्तीचं भाडं पडतं, आणि आत शिरण्याआधी ऑक्टोपस हे प्रवासाचं प्रीपेड कार्ड फलाटावरच्या वेगळ्या यंत्राला लावावं लागतं. लोकलची सवय असलेला मुंबईकर मोकळा डबा दिसला की घुसतो, आणि दंड भरून बाहेर येतो.

आता फलाटावर थांबून चार-पाच गाड्या जाऊ द्या. सीमेकडे जाणाऱ्या प्रत्येक गाडीत चाकांच्या बॅगा दिसतील, आणि त्या रिकाम्या असतील. रिकामी बॅग लगेच ओळखू येते. चाकं नुसती खडखडतात आणि लहान पोरसुद्धा ती एका हाताने उचलतं. अख्खी कुटुंबं निघालेली असतात, आजी-आजोबांसकट. दात बसवायचे, केस कापायचे, हॉटपॉट (टेबलावरच्या उकळत्या रश्शातलं जेवण) खायचं आणि गोदामाएवढ्या दुकानातून महिन्याचं सामान भरायचं, ही सगळी कामं पलीकडे शेन्झेन या चिनी शहरात बरीच स्वस्तात होतात.

दहा-बारा वर्षांपूर्वी हेच चित्र बरोबर उलटं होतं. 2008 मध्ये चीनमध्ये दुधाच्या पावडरीत मेलामाइन सापडलं, आणि पलीकडच्या आईबापांचा देशी पावडरीच्या डब्यांवरचा विश्वास उडाला. रिकाम्या बॅगा तेव्हा तिकडून इकडे यायच्या. याच स्टेशनबाहेर पावडरीचे डबे नि डायपर बॅगांत कोंबले जायचे. शेवटी 1 मार्च 2013 पासून माणशी 1.8 किलो, म्हणजे दोन डबे, अशी मर्यादा आली. जास्त नेलं तर पाच लाख हाँगकाँग डॉलरपर्यंत दंड आणि दोन वर्षांपर्यंत कैद. स्थानिकांचा राग वाढतच गेला. 2015 मध्ये शेन्झेनकरांच्या फेऱ्या आठवड्याला एकीवर आणल्या गेल्या. 13 जुलै 2019 ला, प्रत्यार्पण विधेयकाविरुद्धचं आंदोलन ऐन भरात असताना, शंग शुईच्या रस्त्यांवर याच प्रश्नावर मोर्चा निघाला. मग कोविड आला. लो वूचा दरवाजा 4 फेब्रुवारी 2020 ला बंद झाला तो उघडला 6 फेब्रुवारी 2023 ला. तीन वर्षं. उघडला तेव्हा बॅगांची दिशा बदलली होती.

का बदलली? हाँगकाँग डॉलर 1983 पासून अमेरिकी डॉलरला बांधलेला आहे, एकाला साधारण 7.8 या भावाने. अमेरिकेने व्याजदर चढवले की इथेही चढतात, डॉलर वधारला की हेही शहर महागतं. पलीकडे युआन घसरत होता. त्यात इथलं दुकानभाडं, आणि माझं प्रामाणिक मत सांगायचं तर इथली सेवा. चाचानतेंगमध्ये, म्हणजे इथल्या इराण्याच्या हॉटेलात, अनोळखी माणसाच्या मांडीला मांडी लावून बसायचं, ऑर्डर सांगायला दहा सेकंद लावले की वेटर तोंड फिरवणार. मला ते आवडतं. पण तेवढ्याच पैशात पलीकडे अगत्य मिळत असेल तर शनिवारी माणूस कुठे जाईल?

1 डिसेंबर 2024 पासून शेन्झेनकरांना पुन्हा हव्या तितक्या फेऱ्यांचा परवाना मिळू लागला आहे. ते येतातही. पण पूर्वीसारखे डबे भरायला कमी आणि फोनवर पाहिलेल्या रस्त्यांवर फोटो काढायला जास्त.

शंग शुईवर एवढं लिहायचं कारण म्हणजे सरकारनेही भविष्य इथेच मांडलं आहे. 2021 मध्ये जाहीर झालेलं ‘नॉर्दर्न मेट्रोपोलिस’ या सीमेलगतच्या पट्ट्यातच व्हायचं आहे: सुमारे 30,000 हेक्टर, हाँगकाँगच्या जमिनीचा जवळजवळ तिसरा हिस्सा, आणि पुढेमागे 25 लाख वस्ती. शहराचं तोंड दीडशे वर्षं बंदराकडे होतं. ते आता वळवायचं चाललंय.

जुनं तोंड पाहायचं तर काउलूनमधल्या नेथन रोडवर चालावं, पण खाली बघत. 2019 च्या आंदोलनात फुटपाथच्या विटा उखडून रस्ते अडवले गेले होते. मग कित्येक जागी विटांऐवजी सिमेंटच ओतलं गेलं. भिंतींवरच्या घोषणांवर रंग फासला, पण छटा जुळली नाही, म्हणून चौकोनी ठिगळं उरली. घोषणांचे शब्द आता कुठेही नाहीत आणि तुम्हीही ते अंगावर घालू नका. 2024 मध्ये टीशर्टवरच्या घोषणेसाठी एका तरुणाला 14 महिन्यांची शिक्षा झाली.

याच रस्त्यावर स्वस्त गेस्टहाउसांनी भरलेल्या चुंगकिंग मॅन्शन्समध्ये राहणार असाल तर एक सूचना, खरं तर तक्रार. 1961 ची 17 मजली इमारत, पाच ब्लॉक, आणि प्रत्येक ब्लॉकला दोनच लिफ्ट: एक सम मजल्यांची, दुसरी विषम. संध्याकाळी रांग तळमजल्यावरच्या दुकानांपर्यंत येते. पैसे बदलायचे तर दारातला पहिला काउंटर सोडून आत जा, भाव बरा मिळतो. पण याच दारात 20 ऑक्टोबर 2019 ला इथल्या दक्षिण आशियाई आणि आफ्रिकी लोकांनी मोर्चेकऱ्यांना पाण्याच्या बाटल्या वाटल्या होत्या. काही वेळाने पोलिसांच्या फवाऱ्याचं निळं पाणी थोड्या अंतरावरच्या मशिदीच्या दारावर पडलं, आणि ते धुवायला सगळ्या धर्मांची माणसं गोळा झाली. ‘आंतरराष्ट्रीय शहर’ हे शब्द मला जाहिरातींत कधी पटले नाहीत, त्या दारात पटले. बंदर ओलांडणारी स्टार फेरीसुद्धा 1888 मध्ये एका पारशानेच सुरू केली होती, दोराबजी नौरोजी मिठाईवाला यांनी.

हाँगकाँगसाठी भारतीयांनी निघण्यापूर्वी ऑनलाइन पूर्वनोंदणी करायची असते. ती फुकट आहे, सहा महिने चालते, एका वेळी 14 दिवस राहता येतं. नाव पासपोर्टवर आहे अक्षर न् अक्षर तसंच भरा. वडिलांचं नाव गाळलं की नोंदणी असून नसल्यासारखी. नोंदणीची चिठ्ठी कागदावर छापून घ्या. पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, एक चिटोरं देतात, ते जपा.

शंग शुईहून संध्याकाळी परतताना बसायला जागा मिळेल अशी आशा ठेवू नका. गाड्या सीमेवरूनच भरून येतात. बॅगा आता एका हाताने उचलल्या जात नाहीत, आणि दारापाशी आडव्या ठेवलेल्या एकीची चेन लागतच नव्हती. आतून टॉयलेट पेपरचे रोल डोकावत होते.