पांढऱ्या पेशी वाढवल्या की हिरड्या बऱ्या होतील का?

हिरड्यांतून रक्त येतं, म्हणजे पांढऱ्या पेशी कमी झाल्यात का, आणि त्या वाढवायला काय खायचं? सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा, कागद पुढे करून हे नेहमी विचारलं जातं. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: सुजलेल्या हिरडीत या पेशी बहुधा ढिगाने असतात, आणि दुखणं तिथूनच वाढतं.

दात आणि हिरडी यांच्यात बारीक खाच असते, निरोगी तोंडात १ ते ३ मिलिमीटर खोल. तिच्या तळाचं अस्तर सैलसर असल्याने न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी त्यातून रात्रंदिवस पाझरतात. खाचेतल्या पांढऱ्या पेशींत ९० टक्क्यांहून जास्त याच. जिवाणूंची चाहूल लागली की हिरडी इंटरल्यूकिन-८ हे पेशींना बोलावणारं रसायन सोडते. त्या मागावर न्यूट्रोफिल रक्तवाहिनीच्या भिंतीतून बाहेर पडून खाचेत येतात. सुटा जिवाणू दिसला तर गिळतात, नाहीतर स्वतःच्या डीएनएचं जाळं त्याच्यावर टाकतात.

दातावरचा प्लाक मात्र चिकट आवरणात दडलेली जिवाणूंची अख्खी वसाहत असते. ती गिळता येत नाही, म्हणून न्यूट्रोफिल आपली विकरं (एन्झाइम) बाहेरच ओततात. इलास्टेज आणि एमएमपी-८ या विकरांनी प्लाकचं फारसं बिघडत नाही. हिरडीला दाताशी बांधणारं कोलॅजन हे प्रथिन मात्र तुटतं. हे महिनोन्महिने चाललं की लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा या इतर पांढऱ्या पेशी जमतात, रँकल हे प्रथिन सोडतात आणि हाड झिजवणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी कामाला लागतात. गेलेलं हाड सहसा आपोआप भरून येत नाही.

म्हणून औषध एकच, प्लाक काढणं. १९६५ साली डेन्मार्कमध्ये दंतसंशोधक हाराल्ड लोए यांनी निरोगी तरुणांना दात घासणं बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. सफाई सुरू केल्यावर साधारण आठवड्यात पूर्ववत झाल्या.

मऊ ब्रश हिरडीच्या कडेशी तिरका, ४५ अंशांत धरायचा, दिवसातून दोनदा, दोन मिनिटं. दोन दातांमध्ये ब्रश पोचत नाही, तिथे फटीच्या मापाचा इंटरडेंटल ब्रश. रक्त आलं म्हणून घासणं सोडायचं नाही, लोक नेमकं तेच करतात. कीटण, म्हणजे कडक झालेला प्लाक, असेल तर स्केलिंग, म्हणजे दाताच्या डॉक्टरांकडून तो खरवडून काढणं. पॉकेट, म्हणजे खोल झालेली ती खाच, ४ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर मुळांचीही सफाई, आणि साधारण तीन महिन्यांनी पुन्हा माप. नुसत्या अँटिबायोटिकच्या गोळ्या प्लाकमध्ये नीट शिरत नाहीत.

मधुमेहात साखर चढलेली असली की न्यूट्रोफिल वेळेवर पोचत नाहीत आणि आल्यावर नीट मारतही नाहीत, तेव्हा एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, बघाच. सिगारेटने पेशी सुस्तावतातच, शिवाय रक्त कमी येतं आणि हिरड्या ठणठणीत वाटतात. मिश्रीने हिरड्या घट्ट होतात असं अजूनही ऐकू येतं. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच.

सीबीसी खरंच लागते ती वेगळ्या वेळी. हिरड्या दातांवर चढाव्यात इतक्या फुगल्या, अंगावर निळे डाग उठले, ताप उतरत नाही, तर रक्ताच्या कर्करोगाची शंका घ्यावी लागते. तिथे पांढऱ्या पेशींचा आकडा दर मायक्रोलिटर रक्तात ११,००० च्या बराच वर असू शकतो. केमोथेरपीत न्यूट्रोफिल ५०० च्या खाली गेले की उलट प्रकार: हिरड्यांवर जखमा होतात, पण पू जवळपास दिसत नाही, कारण पू बनतो तो याच पेशींचा. अशा वेळी कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय स्केलिंग करून घेऊ नका.