उतरता उतरता धावपट्टी बदलली तर: कॉकपिटमधली आमची पद्धत

बंगळूरहून मुंबईपर्यंत नकाशावर सरळ रेषा ओढली तर ती सांगलीच्या थोडी पूर्वेकडून, पुढे कराडच्या अंगाने साताऱ्यावर येते. साताऱ्यापासून मुंबईचा विमानतळ साधारण 106 सागरी मैलांवर आहे. 35,000 फुटांवरून उतरणाऱ्या जेटला दर हजार फुटांमागे तीन मैल, म्हणजे 105 मैल लागतात. वेग कमी करायला आणखी दहाएक मैल धरायचे. म्हणजे मुंबईकडचं उतरणं आमच्या सातारा जिल्ह्यावरच सुरू होतं आणि धावपट्टीचं ब्रीफिंग त्याआधी, सांगलीच्या आसपासच, आटोपलेलं असतं. इकडच्या ज्या मुलामुलींना एअरलाइनमध्ये जायचंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय, कारण खरी परीक्षा त्या ब्रीफिंगनंतर होते. शेवटच्या पंचवीस-तीस मैलांत रेडिओवर आवाज येतो, ‘14 नाही, 27 ची अपेक्षा ठेवा.’ हे धावपट्ट्यांचे क्रमांक; क्रमांक म्हणजे उतरण्याची दिशा दहा अंशांच्या हिशोबात, 14 म्हणजे साधारण 140 अंश.

कारण बहुतेकदा वारा असतो. वळवाचा पाऊस घाटावर ज्यांनी पाहिलाय त्यांना सांगायला नको. ढगातून खाली कोसळलेली थंड हवा जमिनीवर पसरते आणि काही मिनिटांत वाऱ्याची दिशा फिरते. कधी पुढचं विमान धावपट्टीवरच अडकून पडलेलं असतं.

असा निरोप आला की हात आधी विमानाच्या मार्ग ठरवणाऱ्या कॉम्प्युटरच्या कीबोर्डकडे जातात. मी ते होऊ देत नाही. पहिला प्रश्न विचारायचा तो उरलेल्या अंतराचा. आग्नेयेकडून येणाऱ्या विमानाला 14 साठी मुंबईला वळसा घालून वायव्येकडून यावं लागतं, तर 27 साठी पूर्वेकडूनच आत वळता येतं. त्यामुळे या बदलाने अंतर एकदम घटतं. समजा आम्ही विमानतळापेक्षा 8,000 फूट उंच आहोत. उतरायला 24 मैल हवेत, वेग उतरवायला पाच-सहा, म्हणजे तीसएक. कंट्रोलर सांगतो, 22 उरलेत. हे गणित कॉम्प्युटरमध्ये नवी धावपट्टी भरून सुटत नाही. स्पीडब्रेक (पंखांवरच्या, हवेला अडवणाऱ्या झडपा) उघडायचे, चाकं लवकर काढायची, किंवा सरळ दहा मैल जादा मागून घ्यायचे. यातला शेवटचा पर्याय मला सगळ्यात पसंत आहे. उंची जास्त ठेवून ग्लाइडस्लोप, म्हणजे उतरण्याचा तीन अंशांचा रेडिओ-उतार, वरून पकडायला गेलं, तर तीन अंशांऐवजी नऊ अंशांच्या आसपास सापडणारा खोटा सिग्नल ऑटोपायलटला फसवू शकतो.

अंतर जुळलं की मग भरायचं. एक जण उडवतो, त्याची नजर बाहेर आणि उपकरणांवर. दुसरा टाइप करतो. दोन्ही डोकी एकाच वेळी खाली, हे कधीच नाही. ए320 मध्ये दुसरा फ्लाइट प्लॅन आधीच भरून ठेवता येतो. हवामान डळमळीत असेल तर मी उतरायला लागण्यापूर्वीच त्यात दुसरी धावपट्टी टाकून ठेवतो. आयत्या वेळी हेडिंग मोड (विमान ठरवून दिलेल्या दिशेने सरळ उडतं) धरून तो चालू केला की अर्धं काम झालं. उरतं ते तपासणं. स्क्रीनवरचे बिंदू आणि उंची चार्टशी जुळतात का, मार्गात मध्येच तुटलेला दुवा आहे का, आयएलएसची (धावपट्टीकडे नेणाऱ्या रेडिओ यंत्रणेची) ओळख नव्या धावपट्टीचीच आहे का, किमान उंची, म्हणजे धावपट्टी दिसली नाही तर जिच्या खाली जायचं नाही ती, बदलली का. ही किमान उंची सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. बाकी गोष्टी निदान स्क्रीनवर चुकलेल्या दिसतात, ती मात्र जुन्या धावपट्टीचीच मुकाट्याने तिथे बसून असते.

ब्रीफिंग पुन्हा पहिल्यापासून करायला वेळ नसतो, फक्त फरक बोलायचा: कोर्स, किमान उंची, गो-अराउंड केल्यास (उतरणं सोडून पुन्हा वर गेल्यास) कुठे वळायचं आणि किती फुटांवर चढणं थांबवायचं, बाहेर कोणत्या टॅक्सीवेने पडायचं, ऑटोब्रेक (आपोआप लागणारे ब्रेक) किती. मुंबईची 09/27 सुमारे 3.4 किलोमीटर लांब, 14/32 जवळपास 2.9. लांबीबरोबर वारा पाहायचा. 140 नॉटऐवजी (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल) मागच्या वाऱ्यामुळे जमिनीवरचा वेग 150 झाला, तर ब्रेकना गिळावी लागणारी ऊर्जा सुमारे 15 टक्के वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. उतरण्याचा दरही मिनिटाला सुमारे 740 फुटांवरून 795 वर जातो. बहुतेक जेटची मागच्या वाऱ्याची मर्यादा 10 नॉट असते.

घाईने काय होतं, ते कोलंबियातल्या काली शहराजवळ 20 डिसेंबर 1995 ला दिसलं. अमेरिकन एअरलाइन्सचं फ्लाइट 965 हे बोइंग 757 उत्तरेकडून येत होतं, तयारी धावपट्टी 01 ची. वारा शांत होता, कंट्रोलरने त्याच धावपट्टीच्या उलट टोकाकडून, म्हणजे सरळ 19 वर, उतरण्याचा पर्याय दिला, त्यांनी घेतला. एकदम उंची जास्त ठरली, म्हणून स्पीडब्रेक उघडले. रोझो नावाच्या बीकनसाठी (वाट दाखवणाऱ्या रेडिओ केंद्रासाठी) ‘आर’ टाइप केलं, डेटाबेसने बोगोटाजवळचा रोमिओ दिला आणि विमान डावीकडे डोंगरांत वळलं. जमिनीचा इशारा वाजल्यावर त्यांनी नाक वर घेतलं, पण स्पीडब्रेक तसेच उघडे राहिले. 159 जण गेले, चार वाचले. माझ्या मते तिथली निर्णायक गोष्ट टायपिंगच्याही आधीची होती: बदल स्वीकारण्यापूर्वी लागणारा वेळ मोजला गेला नाही. काही चुकल्याचं दिसलं की आधी विमान सुरक्षित दिशेला आणि उंचीला न्यायचं, कॉम्प्युटरचं मागून.

‘अनेबल’ (unable, म्हणजे जमणार नाही) हा शब्द नवे को-पायलट संकोचाने वापरतात. तो उद्धटपणा नाही. कंट्रोलरला आमच्या कॉकपिटमध्ये काय चाललंय ते दिसत नाही. आम्हाला जमत नाही, आणखी दहा मैल द्या, एवढं सांगितलं तर तो रांग जुळवून घेतो. त्या दहा मैलांना तीनएक मिनिटं लागतात, ए320 ला शंभर-सव्वाशे किलो इंधन. इंधन कमी असेल तर तेही त्याच वाक्यात सांगायचं, नंतर नाही.

1,000 फुटांवर चाकं, फ्लॅप, वेग, उतरण्याचा दर, सगळं जागेवर नसेल तर गो-अराउंड. बाहेर स्वच्छ दिसत असेल तर अनेक कंपन्या ही मर्यादा 500 फुटांवर ठेवतात. धावपट्टी उशिरा बदललेल्या दिवशी मी मात्र 1,000 चीच धरतो, आणि ते नव्या ब्रीफिंगमध्ये को-पायलटला मोठ्याने सांगतो, म्हणजे वेळ आली की तोही ‘गो-अराउंड’ म्हणायला कचरत नाही.