सातवी नळी

त्या दिवशी सकाळी ११ च्या सुमारास मी आमच्या प्रयोगशाळेत ओरडलेच. "मॅडम, सगळ्या! सगळ्याच्या सगळ्या!" स्टँडमधल्या नळ्या फिकट पिवळ्या दिसत होत्या. आयोडीन टाकूनही एकीलाही निळा रंग आला नव्हता. म्हणजे ८० अंशांना सहाही जिवाणूंच्या विकरांनी (एन्झाइमांनी) स्टार्च फस्त केलं होतं, असं मी धरून चालले.

हे जिवाणू तुरळचे. संगमेश्वर तालुक्यात मुंबई-गोवा महामार्गालगत तुरळचं गरम पाण्याचं कुंड आहे. गंधकाचा वास, दगडांवर हिरवट-तपकिरी साय, काठाला झाडांची पानं पडून कुजलेली. थर्मामीटरवर ६१ अंश दिसले. मी वाकून बाटली भरत होते, तर धुणं घेऊन चाललेल्या एक काकू थांबल्या. "अगं, हात घालू नको हां, पोळशील. आणि ह्यात कसले गो जंतू जगणार?" मी त्यांना ती साय दाखवली. ही सगळी जिवंत आहे म्हटल्यावर त्या धुणं खाली ठेवून माझ्या शेजारी बसून बघत राहिल्या.

पाणी, साय आणि कुजलेल्या पानांचा गाळ असे तीन नमुने आणले होते. ६० अंशांच्या इन्क्युबेटरमध्ये जिवाणू वाढवायच्या प्लेटा पापडासारख्या वाळायच्या. मग त्यांत आगर, म्हणजे जिवाणू ज्यावर वाढतात ती जेली, जाड ओतून, प्लेटा ओल्या कापसाबरोबर पिशवीत बांधून ठेवल्या. कुंडात राहणाऱ्यांपैकी फार थोडे प्लेटवर वाढायला तयार होतात. बाकीच्यांचा पत्ता फक्त डीएनए वाचूनच लागतो. जे वाढले त्यांतल्या सहांभोवती आयोडीन ओतल्यावर स्वच्छ वलयं दिसली, म्हणजे तिथलं स्टार्च त्यांनी संपवलं होतं, आणि त्याच सहांच्या विकरांची आज ८० अंशांना परीक्षा होती.

अमेरिकेत यलोस्टोनच्या झऱ्यात १९६६ मध्ये थॉमस ब्रॉक आणि हडसन फ्रीझ यांना थर्मस अ‍ॅक्वाटिकस हा जिवाणू सापडला. त्याच्या विकरावर पुढे पीसीआरचं, म्हणजे डीएनएच्या भरपूर प्रती काढायचं, तंत्र उभं राहिलं. गरम पाण्याच्या झऱ्यांचं नाव निघालं की सगळे तीच गोष्ट सांगतात, आणि ती मोठी आहेच. मला मात्र स्टार्च कापणारा अमायलेज हवा होता. त्याला कारण आमचं घर. इचलकरंजीत बाबा यंत्रमागावर काम करतात. ताणा तुटू नये म्हणून सुताला खळ लावतात, आणि रंगवण्याआधी ती काढावी लागते. आम्लाने काढायला गेलं तर कापडाचा जीव जातो. खळीतलं स्टार्च आणि कापसातलं सेल्युलोज, दोन्ही ग्लुकोजच्याच माळा, फक्त मण्यांची गाठ वेगळी. अमायलेज स्टार्चचीच गाठ ओळखतो, धाग्याला हात लावत नाही.

मॅडम आल्या. नळ्या पाहिल्या आणि त्यांनी एवढंच विचारलं, "सातवी कुठली गं?"

सातवी कंट्रोल होती. तिच्यात विकर नव्हतंच. नुसतं स्टार्च. तीही पिवळी!

माझे हातपाय गार पडले. वॉटर बाथमधून काढलेल्या नळ्यांत मी तशाच गरमागरम आयोडीन टाकलं होतं. स्टार्चची माळ स्प्रिंगसारखी वळलेली असते आणि आयोडीन त्या वेटोळ्यात शिरलं की निळा रंग येतो. उष्णतेने वेटोळं सैल पडतं, आयोडीन बाहेर पडतं, रंग जातो. पुस्तकात वाचलेलं होतं. हाताने करताना सुचलं नाही.

"थांब, निवू दे," मॅडम म्हणाल्या. आम्ही दोघी आणि लॅबमधले मामा, तिघं स्टँडसमोर उभे राहिलो. आधी कंट्रोल निळसर झाली, मग गडद शाईसारखी. तिच्या मागोमाग तीन नळ्या निळ्या झाल्या. ८० अंशांना त्यांची विकरं उकडलेल्या अंड्यासारखी थिजली असणार. दोन नळ्यांना लालसर जांभळी छटा आली. तिथे माळा अर्धवट कापल्या गेल्या होत्या. उरली एकच, तु-९. पाच मिनिटं गेली, दहा गेली. मामांनी ती हातात घेतली. "मॅडम, ही पार गार झालीय." नळी पिवळीच होती.

तु-९ पानांच्या गाळातून आला होता. पानं तोडून खायची तर विकरं लागणारच, हे मला तेव्हा लख्ख कळलं. त्याच दुपारी प्रयोग पुन्हा केला. या वेळी नळ्या आधी गार केल्या, आणि तु-९चं विकर दीर्घकाळ उकळून निकामी केलेली आणखी एक नळी ठेवली. ती निळी झाली. तु-९ पुन्हा पिवळी. मी रडले.

रात्री बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "खळ निघंल काय गं ह्यानं?"

चार दिवसांनी एसटीच्या पार्सलने मागावरचं कोरं कापड आलं, हातभर. कोपऱ्यावर आयोडीनचा थेंब टाकला, काळानिळा डाग पडला. उरलेलं तु-९च्या विकरात बुडवलं, मग धुऊन गार केलं आणि पुन्हा थेंब टाकले. मधोमध नुसता पिवळा डाग. काठाला, जिथे कापड नीट बुडालं नव्हतं, तिथे अजून निळं होतं. मोठं भांडं शोधायला मामा निघालेसुद्धा.