खुर्दा किती गेला

आयर्विन पुलाजवळ, कृष्णेच्या घाटावर इंग्रज कवी जेफ्री हिलची आठ सुनीतं पुन्हा वाचली. विषय इंग्लंडातली टौटनची लढाई, १४६१, झावळ्यांचा रविवार (पाम संडे), वरून बर्फ. १९६८च्या संग्रहातली ही सुनीतं एम.ए.ला असताना ओ की ठो कळली नव्हती. हिलला म्हणे नक्षीदार, भेसूर संगीत हवं होतं, मधेच हुंकार-किंकाळ्यांनी तुटणारं. राग यायचा. माणसं कापली जातायत आणि हा नक्षी काढत बसलाय!

आज आजी आठवली. दूध उतू गेलं तरी 'पानिपत झालं' म्हणायची. ते १७६१चं, टौटननंतर बरोबर तीनशे वर्षांनी, संक्रांतीच्याच दिवसांत. आणि बातमी कशी आली म्हणून सांगतात? दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, खुर्द्याची गणतीच नाही. मढ्यांचा हिशेब नाण्यांत! (ही काय सोपी कविता झाली?)

हिलच्या ओळींत निदान खुर्दा ओरडतो तरी.