कोडिंगची परीक्षा आणि सासूबाईंचं संस्कृत

बी.एस्सी. होऊन अकरा वर्षं झाली होती. मुलगा शाळेत रुळला तशी मी मेडिकल कोडिंगच्या क्लासला नाव घातलं. डॉक्टरांचे रिपोर्ट वाचून आजाराचा, ऑपरेशनचा कोड लावायचा; त्यावर अमेरिकेत विम्याचे पैसे मिळतात. पहिल्याच सराव परीक्षेत मी हायपरटेन्शनचं हायपोटेन्शन वाचलं, म्हणजे वाढलेल्या रक्तदाबाचा कमी रक्तदाब केला. कोड आय१० च्या जागी आय९५! ही नावं ज्या ग्रीक शब्दांवरून बनतात, त्यांची यादी सरांनी पाठ करायला सांगितली. आठवडाभर घोकली, पुढच्या आठवड्यात निम्मी साफ.

इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी सासूबाई हाताला तेल लावून गराडूचा कंद सोलत होत्या. आयुष्यभर शाळेत संस्कृत शिकवलेलं. माझं पुटपुटणं ऐकून म्हणाल्या, "अगं, हायपर म्हणजे उपरि. हायपो म्हणजे उप. ग्रीक आणि संस्कृत, सख्खी भावंडं आहेत ती."

मी वहीच पुढे केली. ऑस्टिओ म्हणजे अस्थि, ओडोन्टो म्हणजे दंत, डिस् म्हणजे आपला 'वाईट' अर्थाचा दुस्. ॲप्निया म्हणजे श्वास थांबणं, ॲनिमिया म्हणजे रक्त कमी. एकात नुसता 'अ', दुसऱ्यात 'अन्' का? "अज्ञान आणि अनादि, तसंच," त्या म्हणाल्या. पुढे स्वर आला की 'अन्'. हा नियम मला आठवीपासून येत होता, फक्त इथे लागू होईल असं वाटलं नव्हतं.

खरा घोळ ऑपरेशनांचा. 'टॉमी' म्हणजे छेद घेणं, 'स्टोमी' म्हणजे बाहेर उघडणारं तोंड करून देणं, 'एक्टॉमी' म्हणजे कापून काढणं. गॅस्ट्रो म्हणजे जठर; गॅस्ट्रोटॉमी आणि गॅस्ट्रोस्टोमी यांच्यात एका 'स'चा फरक, पण कोड वेगळे. एक्टॉमीतला 'एक' म्हणजे बाहेर, हे सांगितल्यावर त्या पटकन म्हणाल्या, "उच्छेद!" कोलेसिस्टेक्टॉमी: कोले पित्त, सिस्ट पिशवी, आणि तिचा उच्छेद. दुर्बिणीने केलेली असेल तर ४७५६२. हा कोड आता झोपेतही सांगेन.

सगळीकडे हे चालत नाही, हेही लवकरच कळलं. पोडियाट्री म्हणजे पायांवरचे उपचार, त्यातला 'पोड' म्हणजे पाद, म्हणून पीडियाट्रिक्सलाही मी पायाचे डॉक्टर करून टाकलं. तिथे 'पेड' म्हणजे मूल. हिमोग्लोबिनातल्या 'हिमो'त सासूबाईंना हेम, म्हणजे सोनं, दिसलं होतं. ते ग्रीक रक्त निघालं. तेव्हापासून प्रत्येक नातं आधी कोशात बघायचं, मग वहीत, असं ठरलं.

परीक्षेत चार तासांत १०० प्रश्न. कोडची पुस्तकं जवळ ठेवायची मुभा असते, पण पानं उलटत बसलं तर वेळ पुरत नाही. गॅस्ट्रोस्टोमीचा प्रश्न आलाच. रिपोर्टमध्ये पोटावर नळीसाठी तोंड केल्याचं लिहिलं होतं. पुस्तकात तो 'स' बोट ठेवून तपासला आणि पुढे गेले.

निकाल लागला तेव्हा सासूबाईंनी पहिलं विचारलं, "दुस् आला होता का गं?"