माळढोक सोडून भूतानचा बगळा कशाला? विचारलंत म्हणून सांगतो

सोलापूरचा माणूस, आणि काम करतो भूतानच्या नद्यांवर. त्यामुळे लग्नाच्या पंगतीत, एसटीत, आईच्या भिशीत प्रश्न एकच येतो: "आपल्या नान्नजचा माळढोक संपत आला, आणि तुम्ही परक्यांचे बगळे कसले मोजता?" विचारणाऱ्यांतले बरेचजण नान्नजला कधी गेलेले नसतात, पण ते असो. प्रश्न खोटा नाही. १९७९ साली माळढोकासाठी साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं अभयारण्य जाहीर झालं, २०१२ मध्ये ते बाराशेच्या आसपास आणलं, आणि पक्षी तर त्याहून वेगानं आटले. ते बघतच मी मोठा झालो. म्हणून तिकडे पळालो, असं कुणी म्हटलं तर मी भांडत नाही. थोडं खरं असेल.

पण परका बगळा, हे मला मान्य नाही. पांढऱ्या पोटाचा हा बगळा उभा राहिला की चार फूट भरतो. जगात माहीत असलेले पक्षी साठच्या आसपास. निम्म्याच्या जवळपास भूतानात, बाकीचे अरुणाचलातल्या नामदफा-वालाँगकडे आणि उत्तर म्यानमारात. नेपाळातून तो केव्हाच गेला. त्याला स्वच्छ, गोट्यांची, वाहती नदी लागते, आणि घरट्याला त्याच नदीवरच्या उतारावरचं उंच, जुनं झाड, बहुतेकदा चीर पाइन. नुसतं जंगल वाचवून भागत नाही, नुसती नदी वाचवूनही नाही. आणि या नद्या खाली आपल्याकडेच येतात. भूतानातली मांगदेछू मानस नदीला मिळते, मानस आसामात उतरते.

पूर्वी मी भाषणात म्हणायचो, "पक्ष्यांना सीमा नसतात." टाळ्या पडायच्या. आता ते वाक्य माझ्याच्यानं म्हणवत नाही. हा बगळा काही चक्रवाकासारखा हिमालय ओलांडत नाही, बहुतेक वेळ आपल्या नदीच्या पट्ट्यातच असतो. सीमा ओलांडते ती वीज.

ती कशी, ते एकदा सविस्तर सांगतो, म्हणजे पुन्हा कुणी विचारणार नाही.

भूतानातल्या झेमगांगच्या भागात एका ओढ्याकाठच्या, या बगळ्याच्या घरट्यावर आम्ही लक्ष ठेवून होतो. पिल्लं अंगानं वाढली होती, पण अजून उडती नव्हती. मे महिना, पाऊस जवळ आलेला. सकाळी मक्याच्या शेतातून एक म्हातारे गृहस्थ वर आले, पाठीवर गोणपाट. माझ्या भूतानी सहकाऱ्याशी ते हळू बोलले आणि गोणपाट खाली ठेवलं. आत मोठा पक्षी होता, मान मुडपलेली, पंखाच्या कडेला भाजल्याची काळी रेघ. त्यांच्या शेतावरून विजेची तार जाते, तिच्याखालीच सापडला. आम्ही टेप काढली, पंख मोजले, फोटो घेतले, नोंदवहीत वेळ लिहिली. हात कामात असले की बरं असतं.

म्हातारे तिथेच बसले. त्यांनी काहीतरी विचारलं, आणि सहकारी माझ्याकडे न बघता म्हणाला, "ते विचारतायत, ही तार तुमच्याकडे जाते का?"

मी म्हणालो, ही नाही, ही गावाची असेल. खरंच होतं ते. पण म्हाताऱ्यांनी मान हलवली ती समजूत पटल्यासारखी नव्हती, आणि मलाही पटली नाही. गावातल्या तारेखाली एक पक्षी गेला. डोंगरापलीकडून ज्या मोठ्या तारा खाली जातात त्या कुणासाठी? भूतानातल्या पुनात्सांगछू नदीवरचे दोन वीजप्रकल्प, १२०० आणि १०२० मेगावॉटचे, भारताच्या अनुदानावर आणि कर्जावर हाती घेतले गेले, आणि भूतानच्या गरजेतून उरणारी वीज आपण घेतो. २०१३ च्या अखेरीपासून तर आपलं ग्रिडही देशभर एकच आहे. सोलापूरच्या माझ्या आईचा मिक्सर त्यातल्या कुठल्या नदीवर चालतो, कोण सांगणार?

त्यानंतर घरट्यावर एकच पालक येत राहिला. चारा आणायला गेला की पिल्लं उघडी, राखण करत बसला की उपाशी. आम्ही समोरच्या उतारावरून बघत होतो. जवळ जाता येत नाही, गेलो तर उरलेलाही बिथरेल. पहिल्या मोठ्या पावसानंतर घरट्यात एकच मान दिसली. ते पिल्लू पुढे उडालं, असं सहकाऱ्यानं कळवलं. मी तोवर परतलो होतो, परवान्याची मुदत संपली होती.

म्हणजे बघा, वाघासाठी भारत आणि भूतान, दोन्हीकडच्या मानस राष्ट्रीय उद्यानांत एकत्र कॅमेरे लागले, आकडे एकमेकांना दिले गेले. ते चांगलंच झालं. पण वाघाची कीर्ती बगळ्याला नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग धरणंच नकोत म्हणा ना. म्हणणार नाही. भूतानच्या तिजोरीचा मोठा आधार जलविद्युत आहे, माझ्या सहकाऱ्याचा भाऊही एका प्रकल्पावर नोकरीला आहे. आणि हिवाळ्यात नद्या आटल्या की भूतानच आपल्याकडून वीज घेतो. सहकारी मला म्हणाला, "तुझ्या देशानं सगळं बांधून झाल्यावर आम्हाला नदी वाचवायला सांगायचं, हे बरं आहे." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही.

आणि माळढोकाचं विचारता, तर तोही तारांवरच मरतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं राजस्थान-गुजरातेत तारा जमिनीखाली घाला म्हटलं, २०२४ मध्ये तो आदेश सैल केला, कारण सौरऊर्जाही हवी. मी इकडे असतो तरी हेच भांडत बसलो असतो, फक्त चहा आईच्या हातचा मिळाला असता.

सध्या आमची मागणी छोटी आहे. घरट्यांजवळच्या तारांवर पक्ष्यांना दिसतील अशा चकत्या लावाव्यात, खर्च दोन्ही देशांनी वाटून घ्यावा. कागद दोन टेबलांमध्ये फिरतो आहे. एकीकडे म्हणतात, तार भूतानात आहे. दुसरीकडे म्हणतात, वीज घेणारे तुम्ही. पुढच्या बैठकीला मी जाणार आहे. तोवर नान्नजचं कुणी बघत असेल तर मला कळवा.